अकरा कॅसेटी, घाण्याच्या ओव्या आणि घरचा कॉम्प्युटर: प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

गावाहून निघताना आईने डिकीत पत्र्याची ट्रंक ठेवली, म्हणाली यंदाच्या पावसात घर गळणार आहे, या कॅसेटी तू घेऊन जा आणि त्यांचं काय ते एकदाचं कर. पुण्यात येऊन उघडली. एकूण अकरा व्हिडिओ कॅसेटी. आठ मोठ्या व्हीएचएस, दोन हाताच्या पंजाएवढ्या व्हीएचएस-सी, एक आठ एमएमची. सगळ्यांवर अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या, शाई पसरलीये पण वाचता येतं.

देवरुखकडचं घर म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो, आणि ही ट्रंक वर्षानुवर्षं माळ्यावर. सगळ्यात आधी तीन नंबर काढली, "धाकट्याचं लग्न, मे १९९२". त्यात घाणा भरण्याचं (लग्नाआधीच्या जात्यावरच्या विधीचं) शूटिंग आहे आणि त्यात माईआत्या जात्यावर बसलीये. माईआत्या म्हणजे अण्णांची आत्या, १९९८ ला गेली. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात घाण्याच्या ओव्या तिनेच म्हटल्या आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, ना टेपरेकॉर्डरवर ना कशावर. त्यामुळे बाकीच्या दहांचं जे होईल ते होईल, तीन नंबर मात्र कॉम्प्युटरवर नीट उतरलीच पाहिजे.

खिडकीतून टॉर्च मारून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरी पावडर, मीठ भुरभुरावं तशी. बुरशी.

५ जून, बुधवार

आमचा जुना व्हीसीआर माळ्यावरून काढला. वीज दिली, दिवा लागला, कॅसेट आत घेतली आणि तिथेच अडकला. झाकण काढून बघितलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झालेला. आत घातलेली कॅसेट नशिबाने कोरी होती (पहिल्यांदा चालू करताना कधीही खरी कॅसेट घालायची नाही हे बरेच जण सांगतात, ते अगदी खरं आहे). दुरुस्तीवाले काका शोधले, वय सत्तरच्या पुढे, म्हणाले पट्टा मिळेल, पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) पण गुळगुळीत झालाय तोही घासून देतो, हेड (फितीवरचं चित्र वाचणारा भाग) मात्र आहे तेच चालवा कारण नवीन हेड आता येत नाही. खरंच आहे, जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी होती. आता जे आहे ते जुन्यातलंच.

९ जून, रविवार

आज जुना बाजार. मंगळवार पेठेत सकाळी आठला पोचलो, पाऊस भुरभुर. दोन गोष्टी हव्या होत्या: एक पडका व्हीसीआर, फक्त बुरशीवाल्या कॅसेटी फिरवायला, आणि दोन-चार रद्दी कॅसेटी, त्यांच्या डब्यांसाठी. दोन्ही मिळालं. पडक्याला चित्र येत नाही पण रिळं फिरवतो, मला तेवढंच पाहिजे.

हे का, तर बुरशीची कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली की पावडर हेडवर आणि रोलरवर बसते, आणि त्यानंतर जी कॅसेट घालाल तिला लागते. एक खराब कॅसेट घरातल्या सगळ्या चांगल्या कॅसेटी नासवते. कोणी हे काम करणार असेल तर निदान एवढं तरी पाळा.

१२ जून, बुधवार

दुरुस्त व्हीसीआर आला. हेडचा ड्रम, म्हणजे ज्यावर हेड बसवलेले असतात तो फिरता गोल, साफ केला. पद्धत लिहून ठेवतो कारण मी तीन ठिकाणी चुकीची वाचली. कापसाचा बोळा किंवा इयरबड अजिबात नाही, त्याचा धागा हेडच्या टोकाला अडकतो आणि ते टोक काडीसारखं मोडतं. साधा पांढरा कोरा कागद, बोटभर पट्टी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तो ड्रमला हलका टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. कागद वरखाली हलवायचा नाही, ड्रमच फिरला पाहिजे. पाच-सहा वेढ्यांत कागदावर तपकिरी रेघ उमटते, मग नवा कागद, रेघ यायची थांबेपर्यंत. हा ड्रम चालू असताना मिनिटाला १५०० वेढे घेतो, तेव्हा त्यावर एवढासा कचरा राहिला तरी चित्रात पट्टे येणारच.

१५ आणि १६ जून

पहिलं कॅप्चर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणं. पाच नंबरची कॅसेट घेतली, माझी मुंज, कारण ती स्वच्छ आहे आणि काही झालंच तर मला माझ्या मुंजीचं एवढं काही नाही.

जोडणी सोपी आहे: व्हीसीआरच्या मागून पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची, त्या एका यूएसबी काडीत, काडी कॉम्प्युटरला. व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर लावलं, पाल सिस्टिम (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. कॉम्प्रेशन हफवाययूव्ही, म्हणजे काहीही न गमावता साठवणारं. थेट डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्येच कॅप्चर करता येतं आणि जागा खूप वाचते, पण मग नंतर काही सुधारायचं म्हटलं की आधीच चुरगळलेला कागद इस्त्री केल्यासारखं होतं. आधी पूर्ण, अस्सल उतरवून घ्यायचं आणि डिस्कसाठी त्यातून वेगळी कॉपी काढायची, हे मी ठरवून टाकलंय. तासाला ३० ते ३५ जीबी जातात, जाऊ देत.

शनिवारी दर सात मिनिटांनी कॅप्चर आपोआप थांबत होतं, फाइल ४ जीबीची झाली की बंद. दोन तास केबली बदलण्यात गेले, मग लक्षात आलं की बाहेरची हार्डडिस्क फॅट३२ ने फॉरमॅट आहे आणि त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल राहूच शकत नाही. एनटीएफएस केली, प्रश्न मिटला.

रविवारी पूर्ण तास उतरला. सुरुवातीला छान, पण शेवटाकडे भटजींनी घंटा वाजवली की तिचा आवाज तीन सेकंदांनी. आकडे बघितले तर ८१ फ्रेम गळालेल्या. २५ ने भागलं की सव्वातीन सेकंद, हिशेब बरोबर जुळतो. जुन्या कॅसेटची फीत थोडी ताणलेली, थोडी आखडलेली असते, त्यामुळे व्हीसीआरमधून येणाऱ्या चित्राच्या ओळी अगदी ठरल्या वेळेला येत नाहीत, लडखडत येतात, टीव्ही ते चालवून घेतो पण काडी गोंधळते आणि फ्रेम सोडून देते. आवाज मात्र सगळा उतरतो. म्हणून चित्र आखूड, आवाज लांब.

२३ जून, रविवार

उपाय मिळाला. व्हीसीआर आणि काडीच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा. रेकॉर्ड करायला नाही, नुसतं त्यातून सिग्नल पुढे पाठवायला. काही रेकॉर्डरांच्या आत लडखडणाऱ्या ओळी सरळ करून पुढे देणारं सर्किट असतं, पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठी या कामातल्या लोकांत प्रसिद्ध आहेत. खरं यंत्र म्हणजे टाइमबेस करेक्टर, टीबीसी, पण त्याची किंमत मला परवडणारी नाही.

ताईच्या सासरी एक असा रेकॉर्डर धूळ खात होता, तो आणला. मुंज परत लावली. गळालेल्या फ्रेम: शून्य. शिवाय वरच्या कडेला चित्र झेंड्यासारखं उजवीकडे वाकत होतं ते पण सरळ झालं. मी दोनदा बघितलं, अण्णा माझ्या कानात मंत्र सांगतायत आणि मागे माडाची सावली सरळ उभी आहे.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, दिवसभर घरी. आज तीन नंबरची बुरशी काढली.

गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, कारण ती पावडर नाकात गेलेली चांगली नाही. कॅसेट पालथी घालून पाच स्क्रू काढले, मग सुलटी करून वरचं झाकण उचललं. आतली छोटी स्प्रिंग आणि दोन रोलर कुठे बसतात याचा आधी मोबाइलवर फोटो काढला, हे करा नाहीतर परत जोडताना बसाल शोधत. रिळं बाहेर काढून बाजारातल्या स्वच्छ डब्यात बसवली. मग तो डबा पडक्या व्हीसीआरमध्ये, झाकण उघडं ठेवून, फीत हळूहळू पुढे आणि दोन्ही बाजूंनी चष्मा पुसायच्या मऊ कापडात धरलेली, अगदी हलकी. प्रत्येक मिनिटाला कापडाची नवी जागा. एकदा पुढे, एकदा मागे, तीन तास लागले. बहुतेक बुरशी कडेवरच होती, फितीच्या अंगात फार शिरली नव्हती.

एका जागी फीत दुमडलेली, पण तुटलेली नाही. तुटली असती तर जोडपट्टी मागच्या बाजूने लावायची असते, हेडला टेकणाऱ्या बाजूला कधीच नाही आणि घरातली सेलोटेप तर मुळीच नाही, तिचा गोंद ओघळून हेडवर येतो.

४ जुलै, गुरुवार

तीन नंबर लावली. चित्र अपेक्षेपेक्षा खूप बरं. हॅलोजनच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेत म्हणून कॅप्चरच्या आधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा उतरवला, एकदा पांढरं फुटलं की नंतर काही परत आणता येत नाही.

मांडव, पाहुणे, केळीचे खांब. मग घाणा. जात्याच्या खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधलेली, माईआत्या पाय पसरून बसलीये, नऊवारी, समोर माझी आत्या, दोघींचा हात एकाच खुंट्यावर. माईआत्याचे ओठ हलतायत.

आणि आवाज सिनेमाच्या गाण्याचा.

शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना त्या जागी गाणं टाकलेलं. तेव्हा सगळेच असं करायचे, गाणं टाकलं की कॅसेट भारी झाली असं लोकांनाच वाटायचं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सव्वाअकरा मिनिटं ती ओव्या म्हणतेय आणि एक अक्षर ऐकू येत नाही. पूर्ण कॅसेट संपेपर्यंत कॅप्चर चालू ठेवलं, पण मी उठून बाहेर जाऊन बसलो. आईला फोन केला नाही.

१३ जुलै, शनिवार

मधे आठवडाभर या कामाला हातच लावला नाही.

आज बायकोच्या मामांकडे गेलो. ते बावीस वर्षं मस्कतला होते, येताना आणलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर त्यांनी कापडात गुंडाळून जपलाय. मी मागितला होता तो नऊ नंबरसाठी, कारण ती कॅसेट अमेरिकेहून आलेली, एनटीएससी म्हणजे तिकडच्या पद्धतीची, ५२५ ओळींची, आपल्या पाल व्हीसीआरवर नुसती लोळते. मामा म्हणाले, "जावईबापू, घेऊन जा, पण परत आणायची घाई करू नका, आमच्याकडे आता बघतं कोण."

अमेरिकेची कॅसेट चालली. कॅप्चरमध्ये सिस्टिम एनटीएससी करायची, ७२० बाय ४८०, फ्रेम २९.९७, आणि ती पालमध्ये बदलायच्या फंदात पडायचं नाही, तशीच ठेवायची. झालं तिचं काम.

१४ जुलै, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

मामांचा व्हीसीआर लावलेलाच होता म्हणून म्हणलं तीन नंबर याच्यावर कशी दिसते बघू, चित्रासाठीच. घाण्याच्या जागेवर आणली. गाणं नाही. मला वाटलं आवाजाची पिन निसटली. मागे हात घालून पिना दाबल्या. मग स्पीकर मोठा केला तर घर्रर्र असा आवाज, आणि मी अजून केबलच हलवतोय, आणि मग कळलं की ही केबलची घरघर नाही, जात्याची आहे. त्याच्यावरून माईआत्याचा आवाज आला.

मी तसाच टेबलाखाली बसून राहिलो. पिन हातातच होती.

नंतर समोरचा दिवा बघितला, "हायफाय" लागलेला. आणि मग सगळं उलगडलं. व्हीएचएसवर आवाज दोन वेगळ्या जागी असू शकतो. एक साधा ट्रॅक, फितीच्या कडेला सरळ रेघेत, जो प्रत्येक व्हीसीआर वाचतो. पालमध्ये फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, गाण्यांच्या ऑडिओ कॅसेटच्या निम्मी, म्हणून त्या ट्रॅकचा आवाज कोंदट. दुसरा हायफाय, तो फिरत्या ड्रमवरच्या हेडने चित्राच्याच खाली, फितीच्या थरात खोलवर लिहिला जातो, त्याच तिरक्या पट्ट्यांत. आणि जेव्हा मिक्सिंगवाला "ऑडिओ डब" करून गाणं टाकतो तेव्हा फक्त कडेचा साधा ट्रॅक पुसला जातो. खालचा हायफाय तसाच राहतो, कारण तो पुसायचा तर वरचं चित्रही पुसावं लागेल.

धाकट्या काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले हो, शूटिंगवाल्याने त्याच वर्षी मुंबईहून स्टिरिओ व्हीसीआर आणलेला मिक्सिंगला, सगळ्यांना दाखवत होता. म्हणजे त्याने कॅमेऱ्याच्या कॅसेटवरून त्यात कॉपी केली तेव्हा मूळ आवाज दोन्ही ट्रॅकवर गेला, आणि नंतर कडेच्या साध्या ट्रॅकवर गाणं चढवलं. आमच्या मोनो व्हीसीआरला खालचा ट्रॅक दिसतच नव्हता. बत्तीस वर्षं ती कॅसेट घरात आहे, पूर्वी दर दिवाळीला लावली जायची, आणि ओव्या त्यातच होत्या.

ज्यांच्याकडे लग्नाच्या गाणी टाकलेल्या कॅसेटी आहेत त्यांनी एकदा तरी हायफाय व्हीसीआरवर लावून बघाच. सगळ्यांत असेल असं नाही, शूटिंगवाल्याकडे हायफाय मशीन नसेल तर नसणारच. पण बघितल्याशिवाय टाकून देऊ नका.

१७ जुलै, आषाढी

कॅप्चर वाटलं तितकं सरळ नाही. हायफायचा सिग्नल जरा कमी पडला की व्हीसीआर आपणहून साध्या ट्रॅकवर जातो, म्हणजे ओवी चालू असताना मधेच अर्धा सेकंद सिनेमाचं गाणं उसळतं आणि परत ओवी. दहा मिनिटांत सतरा वेळा. ऐकायला फार त्रास होतो.

दोन गोष्टी केल्या. ऑटो ट्रॅकिंग (फितीवरच्या पट्ट्यांवर हेड आपोआप बसवणं) बंद करून हाताने ट्रॅकिंग लावलं, चित्र बघून नाही तर आवाज ऐकून. चित्र उत्तम दिसतं ती जागा आणि आवाज स्थिर राहतो ती जागा एक नाही, थोडा फरक आहे, त्यामुळे चित्र एकदा वेगळं आणि आवाज एकदा वेगळा उतरवायचा. दुसरं, मागच्या बाजूला आवाज निवडायचा खटका आहे, तो "ऑटो" वर होता, तो "हायफाय" वर केला. सतराचे चार झाले.

आवाजासाठी तीनदाच चालवायची असं ठरवलं, त्याहून जास्त नाही. फितीचा थर थोडा थोडा झडतोय, हेड पुसल्यावर कागदावर दिसतं. प्रत्येक वेळेला आपण त्यातलं काहीतरी घासून काढतोय.

२१ जुलै, रविवार

तिन्ही वेळचे आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात एकाखाली एक लावले. खंड तिन्हींत वेगळ्या जागी पडलेत, म्हणून एकातला तुटलेला तुकडा दुसऱ्यातून घेता आला. जात्याच्या घरघरीवर जुळवलं, तिच्यात एक खडखड आहे, दर वेढ्याला एकदा, बहुधा वरची तळी कुठेतरी टवका उडालेली असावी, ती खुणेला फार उपयोगी पडली. एकच जागा राहिली जिथे तिन्हींत आवाज नाही, साधारण एका शब्दाची. ती तशीच सोडली, शांत.

खाली एक बारीक गुणगुण आहे, ५० हर्ट्झची, दोन हेड आळीपाळीने आवाज वाचतात त्या सांध्याची. नॉइज रिडक्शन मारून बघितलं. गुणगुण गेली पण माईआत्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि श्वास घेतल्याचं ऐकू येईना. परत मूळ ठेवलं. ती ओवीच्या शेवटी दम घेते आणि तेवढ्यात माझी आत्या ओळ उचलते, तो दम जायला नको.

२८ जुलै, रविवार

डिस्कची तयारी. एका डीव्हीडीत ४.७ जीबी म्हणतात, कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो, तेवढंच खरं धरायचं. दोन तासांचं असेल तर सगळं मिळून सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास बसतं, चांगलं दिसतं. पण तीन तासांची पूर्ण भरलेली कॅसेट एका डिस्कमध्ये कोंबली की हलत्या चित्रात चौकोन दिसायला लागतात, कारण जुन्या कॅसेटच्या चित्रात जे बारीक दाणे नाचत असतात ते पण एमपेग-२ प्रामाणिकपणे साठवत बसतं. अशा कॅसेटी दोन डिस्कवर. नाहीतर ३५२ बाय ५७६ करायचं, तेही डीव्हीडीला चालतं आणि व्हीएचएसमध्ये आडवं बारकावा तसाही तेवढाच असतो.

खालच्या आठ-दहा ओळींत जी वळवळती पट्टी असते ती कापली नाही, तिथे काळं भरलं. कापलं की उंची बदलते आणि एक ओळ सोडून एक ओळ असं जे जुनं चित्र असतं त्याचा क्रम बिघडतो. तो क्रम पण तपासा, माझ्या काडीत वरची ओळ आधी येते, उलटा लावला तर चालणारी माणसं थरथरत मागे-पुढे होतात. डीव्हीडीला ते ओळींचं चित्र तसंच ठेवायचं, टीव्ही सांभाळतो. मोबाइलवर पाठवायच्या कॉपीला मात्र ते सरळ करून सेकंदाला ५० फ्रेम केल्या, हालचाल अगदी जिवंत दिसते.

मेनू डीव्हीडीस्टायलरमध्ये केला. घाण्याला वेगळा चॅप्टर.

४ ऑगस्ट, रविवार

डिस्क हवी कशाला, पेनड्राइव्ह द्या, असं मुलगी विचारत होती. आत्या ७८ वर्षांची आहे, तिला मोबाइलवरचं दिसत नाही, तिच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि रिमोटची कोणती तीन बटणं दाबायची ते तिला पाठ आहे. म्हणून डिस्क. बाकी मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक ताईकडे, डिस्कला मी कायमचा साठा समजत नाही.

पहिली डिस्क डीव्हीडी प्लस-आर प्रकारची होती, आत्याच्या प्लेअरने घेतलीच नाही. मायनस-आर वर काढली, ४एक्स च्या वेगाने, नंतर पडताळणी. चालली. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क गरम झाली की कागद आखडतो आणि डिस्क डगमगते. डिस्कच्या मार्करनेच लिहायचं, मधल्या पारदर्शक गोलाजवळ.

आत्याकडे गेलो होतो. लावली. तिने गाण्याची कॅसेट इतक्यांदा बघितलेली की ती म्हणाली, "आता गाणं लागेल." मग लागलं नाही. काही बोलली नाही, खुर्ची ओढून टीव्हीच्या जवळ नेली. दुसऱ्या ओवीपासून ती हळू आवाजात सोबत म्हणायला लागली, जिथे पडद्यावरची ती ओळ उचलते तिथेच.

११ ऑगस्ट, रविवार

शब्द लिहून काढतोय. हेडफोन लावून मी एक वही केली, आत्याला फोनवर वाचून दाखवतो, ती दुरुस्त करते. चौदा ओव्या आहेत. पहिल्या देवांच्या, त्यात मार्लेश्वर येतो, मग माहेरच्या, मग नवरीच्या.

सहावीत मी "सोन्याच्या काठाला" असं लिहिलेलं. अर्थ लागत नव्हता पण ओव्यांत सोनं येतंच म्हणून ठेवलं.

"सोन्याच्या नाही रे, सोनवीच्या," आत्या म्हणाली. "सोनवीच्या काठाला. माईचं माहेर संगमेश्वराला नव्हतं का?"

सोनवी नदी. संगमेश्वराला शास्त्रीला मिळते ती. परत ऐकलं, आणि आता "वी" स्पष्ट ऐकू येतंय, आधी कसं नाही आलं कळत नाही. म्हणजे ती ओवी माईआत्याने स्वतः जुळवलेली असणार, किंवा तिच्या आईने, दुसऱ्या गावाला ती तशी म्हणताच येणार नाही.

तिन्ही आवाजांत रिकामी राहिलेली जागा अकराव्या ओवीत आहे. आत्याला विचारलं. तिने फोन बाजूला ठेवून ओवी पहिल्यापासून म्हटली आणि त्या जागी आपोआप "उंबऱ्यात" आलं. वहीत तो शब्द पेन्सिलने लिहिलाय, बाजूला आत्याचं नाव. आवाजात मात्र काही भरणार नाही, ती जागा रिकामीच राहील.

१८ ऑगस्ट, रविवार

स्थिती: आठ व्हीएचएसपैकी सात झाल्या. आठ नंबरची बुरशी फितीच्या अंगात गेलीये, ती पाऊस संपून कोरडं हवामान येईपर्यंत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. व्हीएचएस-सी दोन्ही अॅडॅप्टरमध्ये घालून झाल्या, त्या कॅसेटी मोठ्याच डब्यात बसतात, अवघड काही नाही. आठ एमएमची राहिली, तिला अॅडॅप्टर असा प्रकारच नसतो, कोणी विकत असेल तर घेऊ नका, तिला कॅमेराच लागतो. सोनीचा डिजिटल८ प्रकारातला, जुन्या आठ एमएमच्या कॅसेटी चालवणारा शोधतोय, त्यातून फायरवायर केबलने थेट उतरवता येईल.

आत्याचा दुपारी फोन आला. चॅप्टरचं बटण दाबलं की पहिल्या ओवीचा पहिला शब्द कापला जातो म्हणाली, तिला मागे नेऊन पकडता येत नाही. बघितलं, बरोबर आहे, मी खूण दोन सेकंद उशिरा लावलीये. आता खूण मागे घेतली, जिथे माईआत्या खुंट्याला हात घालते तिथे. दोन डिस्क काढतोय, एक आत्याला आणि एक काकांना, पहिली ४एक्स वर लावलीये. पडताळून उद्या सकाळच्या देवरुख गाडीने पाठवतो.